काजवा कॅम्पला गाड्या भरभरून आणणाऱ्या सगळ्या आयोजकांना, भंडारदऱ्याच्या काठावरून

नमस्कार,

मी भंडारदरा धरणाच्या काठावरच्या एका गावातला. शाळा राजूरला झाली, आता नोकरीला नाशिकला असतो सातपूरच्या एका कंपनीत, पण घर, आई, शेत सगळं इकडंच आहे आणि शनिवार-रविवार मी शक्यतो गावालाच असतो. मुंबई, पुणे, नाशिक, ठाण्यातले जे जे आयोजक मे महिना संपत आला की काजवा स्पेशल, लेक साइड कॅम्प, वन नाइट टू डेज अशा पोस्ट टाकतात आणि शुक्रवारी-शनिवारी रात्री बस भरून इकडं आणतात, त्यांना हे पत्र आहे. तुमच्यातल्या काही जणांचे नंबर माझ्या फोनमधे आहेत, काहींशी चहा प्यायलोय, एकाशी मागच्या वर्षी भांडणही झालं. पण एकेकाला सांगून उपयोग होत नाहीये म्हणून सगळ्यांना एकदमच लिहितोय.

आधी एक सांगतो म्हणजे गैरसमज नको. मी कॅम्पिंगच्या विरोधात नाहीये. माझ्या सख्ख्या चुलतभावाचे सहा टेंट आहेत, घराच्या मागच्या पडीत लावतो, वहिनी स्वयंपाक करते, त्या पैशातून घरावर नवे पत्रे पडले आणि पुतणी संगमनेरला कॉलेजला गेली. आमच्याकडं भात एकदा पिकतो, त्यानंतर माणसं नारायणगावच्या बाजूला नाहीतर नाशिकला द्राक्षाच्या बागांत मजुरीला जायची, अजूनही जातात. त्यामुळं शहरातला माणूस इकडं येऊन चार पैसे देऊन राहतो, जेवतो, डोंगर बघतो, हे आम्हाला हवंय, मनापासून हवंय. म्हणूनच लिहितोय, कारण ज्याच्यासाठी माणसं येतात तेच दरवर्षी थोडं थोडं कमी होताना मी डोळ्यांनी बघतोय.

मागच्या जूनच्या पहिल्या शनिवारचं सांगतो. आमच्या घरापासून पाच मिनिटांवर ओढ्याकाठी एक जुना सादडा आहे. आजी होती तेव्हापासूनचं आमचं ते काजव्याचं झाड. आजी म्हणायची काजवं सादड्यावर चढलं की पाऊस घाट चढायला लागला समजा, राबाची, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागेची तयारी करा. लहानपणी आम्ही एखादा काजवा मुठीत धरून आणला तर ती परत सोडायला लावायची, आत्ताच्या आत्ता जा म्हणायची, अंधारात एकटं जायला भीती वाटायची तरी जावंच लागायचं. तर त्या शनिवारी संध्याकाळी साडेसातला झाड लागलं. लागलं म्हणजे आधी एका फांदीवर चार-दोन, मग दुसऱ्या फांदीवर, आणि मग एकदम सगळं झाड एका वेळी पेटतं, विझतं, पेटतं, विझतं, जणू झाड श्वास घेतंय. ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायची गरज नाही, ज्यांनी नाही बघितलं त्यांना मी किती लिहिलं तरी कळणार नाही.

साडेआठला गाड्या यायला सुरुवात झाली. शेंडीपासून मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडीपर्यंत रस्त्यावर नुसती लाइटची माळ दिसत होती. एक बस ओढ्याच्या वळणावर थांबली, ड्रायव्हरनं इंजिन चालूच ठेवलं कारण एसी बंद केला तर लोक ओरडतात म्हणाला, आणि हेडलाइट सरळ सादड्यावर. पन्नास-एक माणसं उतरली. प्रत्येकाच्या हातात मोबाईल, प्रत्येकाची टॉर्च चालू, कारण पायाखाली दिसत नाही. दोन मिनिटांत झाड काळं झालं. पूर्ण काळं, एक ठिपका नाही. मग कुणीतरी म्हणालं अरे कुठायत काजवे, आणि दोन पोरांनी खालची फांदी धरून हलवली. तुमचा लीडर तिथंच उभा होता, शिट्टी गळ्यात, नावाचा टीशर्ट अंगात, तो काहीच बोलला नाही. मी बोललो तर म्हणाला दादा लोकांनी पैसे भरलेत, त्यांना काहीतरी दिसायला पाहिजे ना.

तासाभरानं ती बस गेली, दुसरी आली. मग छोट्या गाड्या. चुलतभाऊ आणि मी बांधावर बसून राहिलो, मी दोनदा उठायला निघालो तर तो म्हणाला, बस गप, जातील ही, मग येतील. साडेबाराच्या पुढं रस्ता मोकळा झाला. एक वाजून गेल्यावर सादड्याच्या पार शेंड्याला एक काजवा लागला. मग बऱ्याच वेळानं दुसरा. अर्धा तास आम्ही तिथं होतो, पण सगळं झाड काही पेटलं नाही त्या रात्री. रविवारी परत तेच.

आता यात बिघडतं काय, एक रात्र नाही चमकले तर नाही, असं वाटू शकतं, म्हणून थोडं सांगतो. काजवा म्हणजे मुळात भुंग्याच्या कुळातला किडा. आयुष्याचा बहुतेक काळ तो अळी म्हणून जमिनीत, ओलसर पाचोळ्यात काढतो, गोगलगायी खातो, आणि मे-जूनला पहिल्या वळवानंतर पंख फुटून झाडावर येतो तेव्हा त्याच्या हातात जेमतेम दोन-तीन आठवडे उरलेले असतात. तेवढ्या दिवसांत त्याला जोडीदार शोधायचा असतो, आणि शोधायचा एकच मार्ग, उजेड. नर लुकलुकतो, मादी तिच्या पद्धतीनं उत्तर देते, ते उत्तर त्याला दिसलं तर पुढं अंडी, पुढच्या वर्षीचे काजवे. काही जातींत तर मादीला पंखच नसतात, ती खाली गवतात बसून राहते. तुमचा हेडलाइट झाडावर पडला की हा सगळा संवाद बंद, आणि पन्नास माणसं झाडाखालचं गवत तुडवत फिरली की खाली ज्या माद्या, अंडी, अळ्या आहेत त्या गेल्या. दोन-तीन आठवड्यांच्या आयुष्यात शनिवार-रविवार मिळून चार-सहा रात्री अशा गेल्या तर त्याच्याकडं राहिलं काय सांगा. सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर, ठराविकच झाडांवर काजवे जमतात आणि रस्त्याच्या कडेची झाडं सगळ्यात आधी रिकामी होतायत. लहानपणी जी झाडं रस्त्यावरून दिसायची ती बघायला आता आत चालत जावं लागतं, हे मी कुठल्या रिपोर्टमधलं सांगत नाहीये, आमचं रोजचं आहे.

आणि हे सगळं अभयारण्यात चाललंय हे विसरायला नको. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ ला जाहीर झालं, साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या वर जंगल आहे, शेकरू आहे, बिबट्या आहे, तरस आहे. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद हा नियम तर सगळ्या देशाला आहे, २००० सालापासून आहे. तरी धरणाच्या पाण्याला लागून रात्री दोन वाजेपर्यंत डीजे वाजतो. पाण्यावरून आवाज किती लांब जातो हे तुम्हाला कॅम्पमधे बसून कळणार नाही, पलीकडच्या काठावरच्या गावात या, खिडकीच्या पत्र्याला हात लावून बघा. आमच्या गल्लीत एका घरी त्या आठवड्यात बाळंतीण होती, अकरा दिवसांचं बाळ रात्रभर दचकत होतं.

तुमच्या जाहिरातीतल्या फोटोबद्दल पण बोलायचंय. तो जो फोटो सगळ्यांनी लावलेला असतो, अख्खं जंगल पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांनी भरलेलं, तसं डोळ्यांना कधीच दिसत नाही. कॅमेरा स्टँडवर लावून बराच वेळ एकाच जागी फोटो काढत राहायचे आणि मग ते सगळे कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवायचे, तेव्हा तो होतो. फोटोवाल्याची कला आहे, मेहनत आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण तुम्ही तो फोटो लावून सीट विकता आणि माणूस इथं येऊन तेच शोधतो, सापडलं नाही की त्याला वाटतं फसलो, मग तो फांदी हलवतो, मग तो टॉर्च मारतो, मग तो वैतागून दारू काढतो. त्याला आधीच खरं सांगितलं असतं ना, की बाबा अर्धा तास अंधारात गप्प बसावं लागेल, डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात, आणि मग जे दिसेल ते कॅमेऱ्यात येणार नाही, तर ज्याला यायचं तो तयारीनंच आला असता.

असे येणारे आहेत, मी बघितलेत. चुलतभावाकडं मागच्या वर्षी डोंबिवलीचं एक कुटुंब आलं होतं, आईवडील आणि एक आठ-नऊ वर्षांची पोरगी, मंगळवारी आले होते, गर्दी नव्हती. वहिनीनं सांगितलं मोबाईल घरात ठेवा, ठेवले. बांधावर घोंगडी टाकून बसले. पोरगी पहिले दहा मिनिटं आईच्या कुशीतून बाहेर यायला तयार नाही, एवढा अंधार तिनं बघितलाच नव्हता. मग झाड लागलं. नंतर तासभर ती पोरगी एक शब्द बोलली नाही. सकाळी जाताना वहिनीला विचारत होती, काकू तुमच्याकडं रोज अशी रात्र होते का. ती माणसं यावर्षी परत येणार आहेत, भातलावणीला यायचं म्हणतायत.

पाण्याचं सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. भंडारदऱ्याचं धरण १९२६ ला बांधून पुरं झालं, इंग्रजांनी बांधलं, अकरा टीएमसीचं. आमच्या पणजोबांची खाचरं त्या पाण्याखाली गेली. पाणी खाली संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीकडं उसाला जातं, जाऊ दे, तीही शेतकरी माणसं आहेत. पण धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण आमच्याकडं मे महिन्यात दारादारात जगतात बायका. पाणी खाली गेलेलं असतं, विहिरीनं तळ गाठलेला असतो, आई सत्तरीला आली तरी एक हंडा डोक्यावर एक कमरेवर घेऊन चढ चढते. आणि त्याच चढावरून तिला खाली दिसतं की एका कॅम्पमधे रेन डान्स चालू आहे, मोटर लावून पाणी वर फेकतायत आणि पोरं नाचतायत. ती काही बोलली नाही. हंडा ठेवला आणि म्हणाली पोरांना थंडी वाजंल. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. मे महिन्यातला रेन डान्स बंद करा. बाकी कशावर आपण बसून बोलू, यावर बोलण्यासारखं काही नाही.

आणि काच. पाणी उतरलं की काठाची जमीन उघडी पडते, सपाट असते, टेंटला चांगली दिसते, तुम्ही तिथं आणि कडेच्या खाचरात टेंट लावता. तुम्हाला ते मोकळं मैदान वाटतं. ते मैदान नाहीये, पंधरा-वीस दिवसांनी तिथं चिखल करून भाताची आवणी करायची असते आणि आवणी अनवाणी पायांनी होते, गुडघाभर गाळात, खाली बघून. मागच्या जुलैत आईचा पाय बाटलीच्या काचेवर पडला. टाचेला एवढं खोल गेलं की राजूरला नेऊन टाके घालावे लागले, पूर्ण आवणी ती ओट्यावर बसून राहिली आणि बसल्या बसल्या रोपाच्या मुठी मोजत होती, किती लागल्या किती राहिल्या. त्या काचेला बिअरच्या बाटलीचं लेबल अर्धं चिकटलेलं होतं, मी ती काच अजून ठेवलीय. कुणाच्या कॅम्पची हे मला माहीत नाही, शोधायचंही नाही. पण तुमच्यापैकी कुणाची तरी आहे.

आता माझं म्हणणं काय ते सांगतो, एक गावकरी म्हणून, आणि चुलतभावासारखे अजून दहा-पंधरा टेंटवाले आहेत त्यांच्याशी बोलून सांगतो. बस गावाच्या अलीकडं मोकळ्या जागेत लावा आणि शेवटचा एक-दीड किलोमीटर माणसांना चालत न्या, चांदण्यात रस्ता दिसतो, खरंच दिसतो, ज्यांना नाही दिसत त्यांच्यासाठी दहा जणांत एक टॉर्च, तिला लाल जिलेटिन पेपर लावलेला आणि उजेड जमिनीकडं. गावातली पोरं वाटाड्या म्हणून घ्या, त्यांना कुठलं झाड कुठल्या रात्री चांगलं लागतं ते माहीत असतं, त्यांना त्याचे पैसे द्या. झाडापासून लांब बांधावर बसवा, झाडाखाली एकही माणूस नको. फ्लॅश नको. एका झाडाजवळ एका वेळी पंधरा-वीस माणसं, दुसरी बॅच थांबेल, थांबायचं नसेल तर पैसे परत. डीजे नको हे तर आहेच. आणि बाटल्या आत येतानाच मोजा, जाताना मोजा, जेवढ्या आल्या तेवढ्या परत गेल्या पाहिजेत. खाचरात टेंट लावायचाच असेल तर मालकाला विचारून आणि सकाळी सगळ्यांनी एका रांगेत चालून जागा साफ करून. चुलतभाऊ हे करतो, पाहुण्यांनाच करायला लावतो, कुणी नाही म्हणत नाही.

जेवणाचं पण एक आहे. तुम्ही केटरर घेऊन येता, पनीर, बार्बेक्यू, सकाळी पोहे, सगळं शहरातूनच. आमच्या या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणं घराघरात जपलं, २०२० ला त्यांना पद्मश्री जाहीर झाली, आमच्याकडं आजही आंबेमोहोर आणि काळभात पिकतो, आणि पाहुणा इथं येऊन फ्रोजन पनीर खाऊन जातो याचं मला फार वाईट वाटतं. नाचणीची भाकरी, हुलग्याचं शेंगोळं, ठेचा, पाटीभर करवंदं, घरचे आंबे, एवढं जरी एका घराकडून घेतलं तरी त्या घराला काजव्याचं झाड राखायचं कारण मिळतं. हे मी भावनेनं म्हणत नाहीये, हिशोबानं म्हणतोय. ज्याच्या घरात पैसा येतो तो रात्री उठून फांदी हलवणाऱ्याला हटकतो. ज्याला काहीच मिळत नाही तो कशाला उठंल.

आणि सगळ्यांना त्याच तीन आठवड्यांत का आणायचं? बाकीचं वर्ष पण आहे ना आमच्याकडं. ऑगस्टमधे घाटघरच्या कोकणकड्यावर वारा एवढा असतो की धबधब्याचं पाणी खाली न पडता उलटं अंगावर येतं. सप्टेंबरला सोनकीच्या फुलांनी उतार पिवळे होतात. दिवाळीच्या आसपास भात कापायला आलेला असतो, तेव्हा खाचरांच्या कडेनं चाललं तर आंबेमोहोराचा वास येतो, तो वास मी नाशिकला पण विसरू शकत नाही. डिसेंबर-जानेवारीत साम्रदच्या सांदण दरीत पाणी कमी असतं, तेव्हा न्या माणसांना, पावसात नाही, पावसात ती दरी म्हणजे पाण्याची नळी आहे आणि वरून कधी लोंढा येईल सांगता येत नाही. रतनवाडीला अमृतेश्वराचं मंदिर आहे, नुसतं तिथल्या दगडातलं कोरीवकाम बघायला अर्धा दिवस पुरत नाही, वरती रतनगड, तिथंच प्रवरेचा उगम. कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच टोक, पहाटे चढा म्हणजे वर गर्दी कमी लागते. आणि हिवाळ्यातल्या अमावास्येला धरणाच्या काठावर नुसतं पाठीवर पडून राहिलं तरी आकाश बघून माणूस गप्प होतो. राघोजी भांगरे इंग्रजांविरुद्ध याच डोंगरांतून लढले, १८४८ ला ठाण्याच्या जेलमधे त्यांना फाशी दिली, त्यांच्या गोष्टी सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत, शेकोटीला त्यांना बोलवा, मानधन द्या. बारा महिने थोडी थोडी माणसं आली तर चुलतभावाला जूनच्या चार शनिवारी जीव तोडून टेंट भरायची गरज पडणार नाही, आणि तुम्हालाही नाही.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. सीझन छोटा आहे, स्पर्धा आहे, एकानं रेट कमी केला की दुसऱ्याला करावा लागतो, एकानं डीजे ठेवला की गिऱ्हाईक विचारतं तुमच्याकडं आहे का. म्हणूनच एकट्या-दुकट्यानं सुधारून होणार नाही, सगळ्यांनी मिळून ठरवलं तरच होईल, आणि ठरवायचं तर ते सीझनच्या आधी, कारण एकदा बुकिंग घेतलं की मग तुमचेही हात बांधलेले असतात.

तर असं करू. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एखाद्या बुधवारी या. गिऱ्हाईक नको, बॅनर नको, ज्याला यायचं त्यानं आपापल्या गाडीनं यावं आणि गाडी शाळेजवळ लावावी. गावातले टेंटवाले असतील, सरपंचांना मी सांगून ठेवतो, वहिनी शेंगोळं करणार आहे. काजवे तेव्हा अजून आलेले नसतील, पण सादडा दाखवतो, फांदी कुठं तुटलीय ते पण बघा. कोण कोण येणार तेवढं खाली कळवा म्हणजे भाकरीचा अंदाज येईल.

तुमचाच,
काठावरच्या गावातला एक